हा हात कुणाचा?

मला अर्धांगवायू झालाय हे सगळ्यात शेवटी कुणाला कळलं असेल, तर मला. बायकोला कळलं, मुलीला कळलं, मेहुण्याला फोनवर कळलं. आमच्या ठाण्यातल्या, पाचपाखाडीच्या सोसायटीतल्या वॉचमनलाही कळलं, कारण मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवताना माझा लोंबकळणारा डावा पाय त्यानेच धरला होता. मी वर त्यालाच सांगत होतो, "अरे, कशाला एवढं? येतो की मी चालत."

भेटायला येणारे अजूनही दोनच गोष्टी विचारतात. हात किती हलतो आणि जिना चढता येतो का. त्यांची चूक नाही, दिसतं तेच माणूस विचारणार. पण हात-पाय हा या दुखण्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग होता. अवघड भाग असा की, ज्याला मी 'मी' म्हणतो त्यातला अर्धा गेला होता आणि उरलेल्या अर्ध्याला आपण अख्खे आहोत याची पक्की खात्री होती.

त्या दिवशी सकाळी मी दाढी करून बाहेर आलो तेव्हा बायको आधी हसली. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर फेस तसाच. तिला वाटलं, मध्येच कुणाचा फोन आला असेल. मग चहा दिला तर तो ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बनियनवर ओघळला. तेव्हा तिचं हसू गेलं. "अहो, डावा हात वर करा बघू." मी केला. निदान मी केला असं मला वाटलं, आणि 'वाटलं' हा शब्दही मी आज वापरतोय, तेव्हा ते वाटणं नव्हतंच. तुम्हाला आत्ता जेवढी खात्री आहे की हे तुम्ही वाचताय, तेवढी मला होती. हात मांडीवर पडून होता. "झाला वर?" "झाला की." "कुठेय वर?" मग मी म्हणालो, आज जरा जड झालाय, काल ऑफिसात ड्रॉइंगचे रोल उचलले ना. काल मी कसलेही रोल उचलले नव्हते.

या वादात वेळ गेला. बायकोला वाटलं हा नेहमीचा हट्ट. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून हॉस्पिटलात पोचताच पहिला प्रश्न आला, कधी सुरू झालं? मी म्हणालो, काय सुरू झालं? शेवटी डॉक्टरांनी हिशेब धरला तो 'धडधाकट शेवटचं कधी पाहिलं' इथून, म्हणजे आदल्या रात्री झोपताना. इंजेक्शन हुकलं. उजव्या मेंदूच्या झटक्यात हे बऱ्याच जणांचं होतं असं डॉक्टर नंतर म्हणाले. डाव्या मेंदूचा झटका आला की बोलणं जातं, घरचे घाबरतात, पळतात. उजव्याचा पेशंट मात्र छान बोलत असतो आणि बोलून बोलून सगळ्यांना थांबवून धरतो.

एमआरआयमध्ये दिसलं ते असं. हृदयाचे ठोके अनियमित होते, तिथे बनलेली गुठळी वर सरकून उजव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल आर्टरीच्या, म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीच्या, एका फांदीत अडकली, आणि पॅरायटल लोब म्हणजे कानाच्या मागे-वर जो भाग येतो, त्यातला बराच गेला. शरीराच्या डाव्या बाजूचा कारभार उजव्या मेंदूकडे, एवढं शाळेत शिकलेलं. हात-पाय का हलत नाहीत ते त्यातून कळतं. पुढे जे झालं ते मात्र त्यातून कळत नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टनी माझा डावा हात उचलून माझ्या डोळ्यांपुढे, उजव्या बाजूला आणून धरला.

"काका, हा हात कुणाचा?"

"तुमचा."

"माझे दोन्ही इथे आहेत. हा तिसरा."

मी नीट पाहिलं. मी म्हणालो, मग आधीच्या पेशंटचा असेल.

बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. डॉक्टर शांत होते, त्यांनी तो हात उलटा केला. तर्जनीच्या मुळाशी एक आडवा पांढरा व्रण आहे. मी ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड यायच्या आधी आम्ही ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या पेनाने शाईत काढायचो, आणि रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची. उमेदवारीच्या दिवसांत असंच खरवडताना ब्लेड सटकलं होतं. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं, त्यांनी सहज विचारलं, हा व्रण कसला? मी अख्खी गोष्ट सांगितली, ब्लेडची, ट्रेसिंगवर रक्त पडल्यावर साहेबांनी दिलेल्या शिव्यांची. मग ते म्हणाले, "म्हणजे व्रण तुमचा?"

"व्रण माझाच."

"आणि हात?"

"हाताचं मला माहीत नाही."

हे बायकोने सांगितलं म्हणून नाही, मला स्वतःला आठवतंय. त्यात विसंगती आहे हेही थोडं थोडं कळत होतं. पण टोचत नव्हतं. नंतर कधीतरी मी वाचलं की याला नाव आहे आणि ते 1914 साली जोझेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने दिलं, अ‍ॅनोसोग्नोझिया. आपल्याला रोग झालाय हेच न कळण्याचा रोग. गंमत म्हणजे रोज सकाळी राउंडला येणारे शिकाऊ डॉक्टर चावीने माझ्या तळव्यावर रेघ ओढून अंगठा वर जातो का पाहायचे, ती खूणही याच बाबिन्स्कीची, 1896 ची. पायाचा अंगठा बिचारा रोज खरं सांगत होता. बाबिन्स्कीने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवलीय, काहींना आजार झालाय हे कळतं पण त्याचं काही वाटत नाही. त्या पायरीवरूनही मी गेलो. हात पूर्वीसारखा होईल याची खात्री देता येत नाही, असं मला समोर बसवून सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, आज जेवायला काय आहे?

हे लोकांना निर्ढावलेपणाचं वाटतं, किंवा उलट फार खंबीरपणाचं. आमचे एक काका येऊन "काय धीराचा माणूस!" म्हणून गेले. धीर कसला! धीर धरायला आधी भीती वाटावी लागते.

आता डावी बाजू. हात-पाय सोडून द्या, माझ्यासाठी जगाचीच डावी बाजू नव्हती. मला विचारतात, म्हणजे डावीकडे अंधार दिसायचा का? नाही हो. अंधार असता तर कळलं असतं. तुमच्या डोक्याच्या मागे आत्ता काय दिसतंय, काळं दिसतंय का? काहीच दिसत नाही, आणि काही कमी आहे असंही वाटत नाही. तसं. डोळे तपासले, ते उत्तम होते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी वाट तुटून एका बाजूचं दिसेनासं झालं तर माणसाला ते लौकर उमगतं आणि तो मान वळवून बघायला लागतो. मला दिसत होतं, पण तिकडे बघण्यासारखं काही असतं हेच माझ्या मेंदूच्या हिशेबातून गेलं होतं. मान वळवणार कशाला?

उजवीच बाजू का नाही गेली, हे मी हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट बाईंना दहादा विचारलं असेल. थेरपिस्टने सांगितलेलं मला आमच्या सोसायटीच्या भाषेत कळलं. दोन वॉचमन आहेत. एक फक्त उजव्या गेटवर बसतो, दुसरा दोन्ही गेटांवर फेऱ्या मारतो. पहिला रजेवर गेला तरी दुसरा दोन्हीकडे बघतोच. दुसरा गेला की डावं गेट उघडं. लक्ष देण्याच्या बाबतीत डावा मेंदू म्हणजे तो पहिला वॉचमन, त्याचं लक्ष मुख्यतः उजवीकडे. उजवा मेंदू दोन्हीकडे लक्ष ठेवतो. म्हणून डाव्या मेंदूला मार बसला तर उजवी बाजू अशी कायमची क्वचितच हरवते, उजव्याला बसला की डावी हरवते. हे इतकं साधं नसणार, पण माझं काम त्यावर भागलं.

याच सुमारास आमचे साहेब भेटायला आले आणि हळहळले, "उजवा मेंदू म्हणजे कलेचा, ड्रॉइंगचा. नेमका तोच!" हे कलेचा मेंदू आणि गणिताचा मेंदू प्रकरण फॉरवर्ड होऊन होऊन सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. तसे कप्पे नाहीत. माझी कला गेली नव्हती. कागदाचा डावा भाग गेला होता.

आणि तो किती गेला होता हे मला एका रेघेने दाखवलं. थेरपिस्टने ए-फोर कागदावर एक आडवी रेघ काढून दिली. "काका, बरोबर मध्यावर खूण करा." मला हसू आलं. पस्तीसएक वर्षं मी हेच केलंय. कुठलंही ड्रॉइंग सेंटर लाइनपासून सुरू होतं, आणि नजरेने मध्य काढण्यात ऑफिसात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी पेन्सिल टेकवली, ऐटीत. तिने पट्टी दिली. मोजलं तर खूण उजव्या टोकाच्या जवळ होती, रेघेचा पाऊण भाग ओलांडून. मी म्हणालो, पट्टी चुकीची आहे. तिने पट्टी माझ्या हातात ठेवली. ती मीच मुलीकडून घरून मागवलेली होती, माझी.

घड्याळ काढायला सांगितलं तर गोल नीट काढला आणि बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. ही परीक्षा सगळ्यांना देतात. पण तिला कळलं की मी घरांचे नकाशे काढतो, तेव्हा तिने एक वेगळंच काम दिलं. कागद-पेन्सिल नाही, डोळे मिटायचे. "तुमच्या घराच्या दारात उभे आहात. आत काय काय आहे, सांगा."

मी सांगितलं. हॉल, समोर बाल्कनी, उजवीकडे पॅसेज, बाथरूम, बेडरूम, बेडरूममध्ये आईची खाट, तिचं लोखंडी कपाट.

"स्वयंपाक कुठे करता?"

"स्वयंपाकघरात."

"ते कुठेय?"

मला घाई लागल्यासारखं झालं. असेल ना कुठेतरी. ती म्हणाली, राहू दे. आता बाल्कनीत जा आणि दाराकडे तोंड करून उभे राहा. परत सांगा. आता स्वयंपाकघर लगेच सापडलं, कारण ते आता उजव्या हाताला आलं होतं. ओटा, फ्रीज, देवघर, देवघरातली तेलाची बुधलीसुद्धा. आणि बेडरूम गेली. आईची खाट गेली, त्यात आईही गेली. तिने विचारलं, आई कुठे झोपते? मी म्हणालो, असते घरातच.

डोळे मिटलेले होते. समोर काहीही नव्हतं जे दिसायचं राहून जाईल. तरी माझ्याच आठवणीतल्या घराची डावी बाजू मला मिळत नव्हती, आणि फिरून उभा राहिलो की तीच बाजू मिळत होती. म्हणजे आठवण जागेवर होती. ती ज्याला सांगायची तो अर्धा होता. ही परीक्षा मुळात मिलानमधली. 1978 मध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्साती या दोघांनी तिथल्याच पेशंटना तिथल्या कॅथीड्रलपुढचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितला, आधी एका टोकाकडून, मग समोरच्या टोकाकडून. पेशंटनी दर वेळी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या आणि डाव्या हाताच्या वगळल्या. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं. ठाण्याच्या वन बीएचकेत जे झालं तेच त्या एवढ्या मोठ्या चौकात झालं होतं.

घरांचाच विषय निघालाय म्हणून आणखी एक. 1988 मध्ये इंग्लंडात जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी अशाच एका बाईंना घराची दोन चित्रं दाखवली. एका घराच्या डाव्या बाजूने आगीच्या ज्वाळा निघताहेत, बाकी सगळं तेच. फरक काय? बाई म्हणाल्या, काहीच नाही, दोन्ही सारखी. यातलं कुठल्या घरात राहाल? हा काय वेडगळ प्रश्न, असं म्हणूनही त्यांनी बहुतेक वेळा न जळणारं घर निवडलं. म्हणजे ज्वाळा कुठेतरी आत पोचत होत्या, फक्त 'मी पाहिलं' म्हणणाऱ्यापर्यंत येत नव्हत्या. माझ्या बाबतीत असं काही होत होतं का, मला सांगता येणार नाही. पण बायको म्हणते की डाव्या बाजूने कुणी जोरात हसलं की मी चेहरा उजवीकडे वळवायचो, अस्वस्थ व्हायचो, आणि का ते सांगता यायचं नाही.

घरी आलो तेव्हा खरी वरात सुरू झाली. आपलं ताट तुम्हाला माहीत आहे. मीठ वर, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटीची वाटी, खाली भात. मी रोज जेवायचो आणि रोज कुरकुर करायचो की हल्ली कोशिंबीर करणं बंद केलंय का या घरात. भातसुद्धा मधोमध रेघ मारल्यासारखा उजवीकडचा संपायचा, डावीकडचा तसाच. बायकोने दोन-तीन दिवस चटणी उचलून उजवीकडे वाढली. थेरपिस्टने मनाई केली. वाढायचं तिथेच वाढा, त्यांना शोधू दे, नाहीच सापडलं तर शेवटी ताट फिरवा. ताट अर्धं फिरवलं की माझ्यापुढे नवीन जेवण यायचं, मी खरोखर खूश व्हायचो. आईला मात्र हे अजिबात पटलं नाही. वयाची पंच्याऐंशी वर्षं तिने पानात डावं-उजवं सांभाळलं होतं. "श्राद्धाचं पान तरी असं फिरवतात का कुणी?" एवढं बोलून ती देवघराकडे वळायची.

वाचनाचं सांगतो, कारण त्याने मला सर्वांत जास्त छळलं. पेपरातली डावीकडची कॉलमं मी वाचतच नव्हतो, त्याचं दुःख नाही. पण शब्दही डावीकडून कुरतडलेले. 'अपघात टळला' चं 'घात टळला', 'महापालिका' ची 'पालिका', 'नवरात्र' ची 'रात्र'. अर्थ लागत होता म्हणून मी पुढे जायचो, आणि बातमीच्या शेवटी वाटायचं की हल्ली पेपरवाले काहीही छापतात. ऱ्हस्व वेलांटी तर हमखास जायची, ती अक्षराच्या डावीकडेच येते ना. त्यावर उपाय साधा निघाला. पानाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवायची आणि प्रत्येक ओळीला ती पट्टी सापडेपर्यंत नजर मागे न्यायची. लाल दिसल्याशिवाय वाचायचं नाही. सुरुवातीला मुलगी शेजारी बसून "लाल?" "लाल?" करत राहायची, मी चिडायचो. आज हे सगळं जे मी वाचून सांगतोय ते त्या पट्टीच्या जोरावर.

तिनेच मला अमेरिकेतला एक जुना प्रयोग वाचून दाखवला, आणि तो ऐकताना मला कान तापल्यासारखे झाले. काही पेशंटच्या मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पूल फिट्स आटोक्यात आणायला कापलेला असतो. अशांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं, 1981 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकल गझानिगा. त्यांनी अशा एका मुलाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने बर्फ ओढायचं फावडं. फावडं का? बोलणारा असतो डावा मेंदू, त्याने बर्फ पाहिलाच नव्हता. पण तो 'माहीत नाही' म्हणाला नाही. म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

काल रोल उचलले ना. आधीच्या पेशंटचा असेल. पट्टी चुकीची आहे. हे सगळं त्याच बोलक्या मेंदूचं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला मिळालेल्या तुकड्यांतून तो प्रामाणिकपणे गोष्ट जुळवत होता, आणि ती गोष्ट म्हणजेच तेव्हाचा मी होतो. माझा प्रश्न असा आहे की धडधाकट असताना तो काही वेगळं करत असेल का? ऑफिसातल्या एका जुन्या भांडणाबद्दल मी वर्षानुवर्षं जे कारण सांगत आलोय, ते आता मला तितकंसं खात्रीचं वाटत नाही.

उपचारांचं थोडक्यात. फिजिओने पाय उभा केला, हात निम्मा-शिम्मा. डावीकडचं परत आणायला बाकीच्या खटपटी होत्या. पलंग असा फिरवला की भिंत उजवीकडे आणि खोली डावीकडे. येणाऱ्याने डावीकडूनच यायचं, डावीकडेच बसायचं आणि मी मान वळवेपर्यंत बोलायचं नाही. पाहुण्यांना हे सांगताना बायकोची फार पंचाईत व्हायची. दीपगृहाचा झोत फिरतो तशी मान पार डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत फिरवायची, दारातून आत शिरताना, जेवायला बसताना, रस्त्यावर. एक चष्माही होता, प्रिझमचा. तो घातला की सगळं साधारण दहा अंश उजवीकडे सरकलेलं दिसतं. समोरच्या ठिपक्याला बोट लावायला गेलं की बोट उजवीकडे जातं, करता करता हात स्वतःला डावीकडे सुधारून घेतो, आणि चष्मा काढला तरी थोडा वेळ ती डावी ओढ राहते. 1998 मध्ये फ्रान्समधल्या रोसेत्ती वगैरे मंडळींनी हे पहिल्यांदा दाखवलं. पुढच्या अभ्यासांत काहींना फायदा झाला, काहींना नाही. मला त्या दिवसापुरता व्हायचा, दुपारी पेपर बरा वाचता यायचा. डाव्या कानात थंड पाणी सोडलं तर काही पेशंटना काही मिनिटं सगळं डावं परत मिळतं आणि लुळा हात आपला वाटायला लागतो, असं वाचून मी डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. ते म्हणाले, खरं आहे, पण टिकत नाही, आणि वर चक्कर येऊन ओकाल.

संध्याकाळी मुलगी रिक्षाने तलावपाळीला घेऊन जायची. काठाने जाताना तलाव उजव्या हाताला असला की मी खूश. पाणी, होड्या, पलीकडचे दिवे. परत फिरलो की तलाव डावीकडे यायचा आणि संपायचा. राहायचा तो नुसता रस्ता, भेळेच्या गाड्या आणि हॉर्न. एकदा मी तिला म्हणालो, येताना वेगळ्या रस्त्याने आणलंस का गं? देवळातली प्रदक्षिणा मात्र मला पहिल्यापासून जमली, कारण तिथे देव उजव्या हातालाच असतो. आईने हे कळल्यावर जो चेहरा केला तो बघण्यासारखा होता, जणू हा सगळा नियम तिच्या मुलासाठीच केला गेला होता.

आजार झालाय हे कळणं एका दिवसात घडलं नाही. आधी मी म्हणायला लागलो, "हे लोक म्हणतात माझा हात हलत नाही." मग, "हात हलत नाही म्हणतात ते खरं असावं." आणि एका दुपारी आंघोळीच्या स्टुलावर बसलेलो असताना मी उजव्या हाताने डाव्याला साबण लावत होतो, तर बोटाखाली तो व्रण आला. मी हात उचलून पाहिला, आणि रडायला लागलो. बराच वेळ. बायको बाहेरून ऐकत होती. ती म्हणते, त्या दिवशी तिला पहिल्यांदा हलकं वाटलं. डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की समज परत येते तेव्हा उदासी घेऊन येते. पुढचे काही महिने तसेच गेले. त्यावरची गोळी अजून चालू आहे.

तिची खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती कुठल्या चाचणीत सापडली नाही. ती म्हणते, तुमचा आवाज सपाट झाला. फोनवर बहिणीला वाटायचं मी रागावलोय. आणि दुसऱ्याच्या आवाजातलं मला कळेना. आमच्या घरात सरळ बोलणं कमी, तिरकं जास्त. एकदा कोथिंबीर आणायला म्हणून राम मारुती रोडला गेलो आणि तासाभराने आलो. बायको म्हणाली, "आलात? इतक्या लवकर?" मी म्हणालो, "हो, गर्दी नव्हती." तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. पूर्वी मी म्हणालो असतो, कोथिंबीर पेरून, उगवून, खुडून आणलीय. शब्द डावा मेंदू बघतो, पण ते कुठल्या सुरात आले हे उजवा बघतो, हे त्यानंतर कळलं. यासाठी थेरपी आहे म्हणतात, आम्ही घरीच केली. मुलगी तेच वाक्य तीन सुरांत बोलायची आणि मी ओळखायचं. मी आता बरा ओळखतो. पण ओळखतो, म्हणजे हिशेब करतो. चेहरा बघतो, भुवई बघतो, मग ठरवतो की हा टोमणा होता. तोवर उत्तराची वेळ निघून गेलेली असते. तीसेक वर्षं जिच्याशी मी टोमण्यांत बोललो तिला हे पुरत नाही, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अँटोन रॅडरशाइट नावाचे एक जर्मन चित्रकार होते. 1967 मध्ये त्यांना असाच झटका आला आणि त्यानंतर त्यांनी आरशात बघून स्वतःची चित्रं काढली, एकामागून एक. पहिल्यांत अर्धाच चेहरा, कागदाची डावी बाजू कोरी. मग हळूहळू चेहरा डावीकडे भरत जातो. मी ती चित्रं मोबाइलवर पाहिली, अर्थात फोन फिरवून फिरवून. लोक शेवटच्या चित्राचं कौतुक करतात, चेहरा पुरा झाला म्हणून. मला पहिलं चित्र जास्त ओळखीचं वाटलं. तो माणूस ते चित्र संपवून, सही करून, समाधानाने ब्रश धुवायला गेला असणार.

आता ऑफिसला जातो, नौपाड्यापर्यंत, अर्धा दिवस. स्कूटर विकून टाकली, त्यात वादाला जागाच नव्हती. दमलो की डावीकडचं अजून निसटतं, संध्याकाळी चपलेत उजवाच पाय घालून निघतो. ऑटोकॅडमध्ये काम सुरू करण्याआधी झूम एक्स्टेंट्स मारायचा नियम केलाय, म्हणजे ड्रॉइंगचा कुठलाही भाग स्क्रीनबाहेर राहत नाही, आणि मग मान फिरवून स्क्रीनची डावी कड शोधायची. माझी प्रत्येक शीट आमची ज्युनिअर मुलगी डावीकडून उजवीकडे तपासते. परवा तिने एक जिना पकडला. डावीकडच्या फ्लाइटला पायऱ्याच काढलेल्या नव्हत्या. "काका, वरच्या मजल्यावरचे लोक उतरणार कसे?" असं तिने विचारलं. तिचा चेहरा बघून, भुवई बघून मी ठरवलं की ही चेष्टा करतेय, आणि म्हणालो, "खुर्चीत बसवून. आमच्याकडे वॉचमन धरतो."